अर्धवट भरलेल्या पाइपमधलं पाणी कसं मोजतात?

घरच्या नळाच्या पाइपमध्ये पाणी काठोकाठ भरलेलं असतं. त्यामुळे वेग कळला की प्रवाह कळतो. पण ड्रेनेजचा पाइप बहुतेक वेळ अर्धाच वाहतो. तिथे पाण्याची खोली आणि वेग दोन्ही बदलत राहतात. मग मोजायचं कसं? यावर एक जुना, स्वस्त उपाय आहे : विअर.

विअर म्हणजे काय?

पाण्याच्या वाटेत उभी केलेली पातळ पाटी. छोटा बंधाराच म्हणा ना! पाटीला वरून इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच असते. पाणी पाटीमागे तुंबतं आणि खाचेतून पलीकडे पडतं. प्रवाह वाढला की पातळी चढते. म्हणजे फक्त उंची मोजायची, बाकी काम गणिताचं.

गणित काय?

९० अंशांच्या खाचेसाठी साधारण सूत्र असं :

प्रवाह (लिटर प्रति सेकंद) = ०.०१३८ × उंचीचा (सेंमी) २.५ वा घात

फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये सायंटिफिक मोड लावून बघा. ५ सेंमीला ०.७७ लिटर येतात, १० सेंमीला ४.४. उंची दुप्पट, प्रवाह साडेपाच पटींहून जास्त! म्हणूनच मोजताना १० ऐवजी ११ सेंमी धरले, तर उत्तर सुमारे २७ टक्क्यांनी चुकतं.

माझी चूक

एका सांडपाणी प्रकल्पासाठी मी याचा कोड लिहिला होता. वर लावलेला अल्ट्रासॉनिक सेन्सर पाण्यापर्यंतचं अंतर सांगायचा, त्यावरून मी खोली काढायचो. पण मी ती पाइपच्या तळापासून धरली! खरं तर उंची खाचेच्या खालच्या टोकापासून धरायची असते. टोक तळापासून १० सेंमी वर होतं. पाणी १५ सेंमी असताना खरी उंची फक्त ५. माझा डॅशबोर्ड मात्र ०.७७ ऐवजी १२ लिटर दाखवत होता. त्या आकड्यांवर कुणी मोठा पंप मागवला असता तर? शेवटी बादली आणि स्टॉपवॉचने ताडून पाहिलं, तेव्हा चूक सापडली. कोडमध्ये बदल फक्त एका वजाबाकीचा होता.

हे लक्षात ठेवा

- उंची खाचेपाशी मोजू नका, तिथे पाणी खाली झुकतं. सर्वांत जास्त उंचीच्या ३-४ पट मागे मोजा.
- पाणी पलीकडे मोकळं पडायला हवं. पुढे तुंबलं तर सूत्र चालत नाही.
- खाचेत कचरा अडकला की पातळी चढते आणि आकडा फुगतो.
- प्रयोग करायचा तर घरी पन्हळीच्या पाण्यावर करा. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये कधीही उतरू नका, आतला विषारी वायू जीव घेतो.

सेन्सर कितीही भारी असो, शून्य कुठे धरलंय ते आधी तपासा.