न कळलेले वाक्य

अंतराळप्रवासाच्या इतिहासात यात्रींची नावे ठळक अक्षरांत येतात आणि त्यांना जमिनीवरून सांभाळणाऱ्यांची तळटीपांत. वास्तविक भूनियंत्रण कक्षाचा इतिहास हा एका भाषाव्यवहाराचा इतिहास आहे. कोणी बोलायचे, कोणाशी बोलायचे आणि कोणाचे ऐकायचे, हे तिथले मूळ प्रश्न.

त्यांची उत्तरे अमेरिकेच्या मर्क्युरी मोहिमांच्या काळात क्रिस्टोफर क्राफ्ट या पहिल्या उड्डाण संचालकाने घालून दिली. प्रत्येक यंत्रणेवर एकेका नियंत्रकाची नजर, अंतिम निर्णय संचालकाचा आणि यात्रींशी बोलणारा ‘कॅपकॉम’ एकच, तोही सहसा स्वतः अंतराळवीर. १९६५ मध्ये जेमिनी-४ पासून हे नियंत्रण फ्लॉरिडातून ह्यूस्टनला आले.

१४ नोव्हेंबर १९६९ रोजी या व्यवस्थेची कसोटी लागली. अपोलो-१२ झेपावल्यावर पहिल्या मिनिटातच त्यावर दोनदा वीज पडली आणि कक्षातील पडद्यांवरचे आकडे निरर्थक झाले. जॉन ॲरन या २६ वर्षांच्या नियंत्रकाला मात्र तसलीच आकड्यांची विस्कट पूर्वी एका चाचणीत पाहिल्याचे आठवले. त्याने एक स्विच ‘ऑक्झिलरी’वर टाकण्यास सुचवले. हा स्विच ना संचालक जेरी ग्रिफिनच्या परिचयाचा होता, ना यानप्रमुख पीट कॉनरॅडच्या. तरीही सूचना वर पोहोचली. यानातील ॲलन बीनला स्विच सापडला, आकडे पुन्हा बोलू लागले आणि मोहीम चंद्रावर पोहोचली.

ॲरनच्या स्मरणशक्तीचे कौतुक नेहमी होते. परंतु आपल्याला न कळलेले वाक्य, बोलणाऱ्याच्या अधिकारावर विश्वास ठेवून पुढे नेणारा ग्रिफिनही तितकाच महत्त्वाचा नव्हे काय?

हा विश्वास कायमचा मिळत नसतो. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या उड्डाणावेळी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. पंखाची छायाचित्रे मिळवावीत, अशी विनंती नासाच्याच अभियंत्यांनी केली. व्यवस्थापनाने ती पुढे नेली नाही. १ फेब्रुवारीला कल्पना चावलांसह सातही यात्री मृत्युमुखी पडले. छायाचित्रांमुळे ते वाचलेच असते असे म्हणता येणार नाही. तथापि चौकशी मंडळाने फोमइतकाच दोष संस्थेच्या कार्यसंस्कृतीला दिला.

दोन्ही वेळी जाणकार माणसे होती आणि ती बोललीही होती. फरक पडला तो ऐकणाऱ्यांमुळे. यंत्रे सुधारतात, ऐकण्याची रीत मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शिकावी लागते.