पाटीवरची अक्षरं आणि मागे उरणारा कागद



गेल्या दशलक्षणात आमच्या वन्संनी दहा उपवास केले. पारण्याला येणाऱ्यांच्या हातात मिठाईच्या डब्याऐवजी काहीतरी टिकणारं द्यावं, म्हणून चाळीस लाकडी पाट्या छापायचं मी अंगावर घेतलं. मधोमध णमोकार मंत्र, खाली कमळ. भाचीकडे हीट प्रेस आहे, ती कप आणि टी-शर्ट छापते. छापलेला कागद पाटीवर ठेवायचा, प्रेस दाबायचं, झालं. मला वाटलं, पापड भाजण्याइतकंच सोपं!

पहिल्या सहा पाट्या निघाल्या आणि सासूबाईंनी चष्मा लावून पाहिल्या. म्हणाल्या, "अगं, अक्षरं दुहेरी दिसतायत. मंत्र असा कुणाच्या घरी देणार?" मग त्यांची नजर कचऱ्याच्या टोपलीकडे गेली. वापरलेले कागद मी तिथेच टाकले होते. "आणि हे काय? यावरही मंत्रच आहे की!" खरंच, कागदावर उलटी, फिकट, पण ओळखू येणारी अक्षरं उरली होती. मी गुपचूप कागद उचलले आणि काम थांबवलं.

दोन प्रश्न डोक्यात राहिले. अक्षरं दुहेरी का झाली? आणि रंग पाटीवर गेला, तर कागदावर काय उरलं? उत्तरं शोधताना मी थेट अडीचशे वर्षं मागे गेले. ती गोष्ट तुम्हालाही सांगावीशी वाटली.

कागदावरचं चित्र दुसऱ्या वस्तूवर उतरवण्याची कला इंग्लंडात अठराव्या शतकात बहरली. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी २७ जुलै १७५६ रोजी सकाळी नऊ ते दुपारी तीन या सहा तासांत, कुणाच्याही मदतीशिवाय, बाराशेहून अधिक फरशा छापून दाखवल्या आणि तसं प्रतिज्ञापत्रही दिलं. हाताने रंगवायच्या तर तेवढ्या फरशांना किती दिवस लागले असते! पुढे स्टॅफर्डशरच्या कुंभारकामाच्या कारखान्यांत हे काम घरोघरच्या बशांपर्यंत पोहोचलं. निळ्या-पांढऱ्या नक्षीच्या विलायती बशा जुन्या वाड्यांच्या कपाटात तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या बऱ्याचशा याच रीतीने छापलेल्या.

त्या कारखान्यांत कामाची वाटणी ठरलेली होती. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून पातळ कागदावर ठसा काढायचा तो पुरुष कारागीर. कागद कापून द्यायची ती लहान मुलगी. आणि कागद बशीवर अचूक बसवून, साबण लावलेल्या ताठ ब्रशने घासघासून चिकटवायची ती बाई. बशी गोल, कागद सपाट. सुरकुती पडली की नक्षी मोडली, कागद सरकला की रेघ दुणावली. मग बशी पाण्यात बुडवायची, कागद सुटून वर यायचा आणि नक्षी बशीवर राहायची. पुढे भट्टीत ती पक्की व्हायची. म्हणजे माझ्या हातून जी चूक झाली, तीच टाळण्यात त्या बायकांचं कसब होतं. बशीवर नाव मात्र कारखान्याचं.

आपल्या पाटीची रीत याच घराण्यातली, पण रंगाची गोष्ट वेगळी आहे. ती सुरू होते नकली रेशमापासून. किडे मारून काढलेलं रेशीम आपल्यातल्या अनेकजणी नेसत नाहीत, म्हणून हा भाग मी जरा आवडीने वाचला. पहिल्या महायुद्धात विमानांच्या कापडी पंखांवर लावायला ॲसिटेटचा लेप बनत असे. युद्ध संपलं, लेपाची मागणी गेली, आणि ड्रायफस बंधूंच्या इंग्लंडातल्या कारखान्याने त्याच पदार्थाचा चमकदार धागा काढायला घेतला. धागा सुंदर, पण सुती कापडाचे पाण्यात विरघळणारे रंग तो घेईना. मग १९२० नंतरच्या काही वर्षांत रसायनतज्ज्ञांनी नवे रंग शोधले. ते पाण्यात विरघळत नाहीत, अगदी बारीक होऊन नुसते पसरतात आणि धाग्याच्या आत शिरून बसतात.

या रंगांत एक खोड होती. कडक इस्त्री फिरली की काही रंग उडायचे आणि शेजारच्या कापडाला लागायचे. घन पदार्थ पातळ न होता सरळ वायू होतो, याला शाळेत आपण संप्लवन म्हणून शिकलो. कापूर उघडा ठेवला की हळूहळू नाहीसा होतो, तसंच.

१९४१ मध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा बनवला. आपल्या वडिलांच्या पिढीतलं टेरिलीन ते हेच. हेच रंग पॉलिएस्टरलाही चालले. आणि १९५७ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या रूबे या कापडगिरण्यांच्या गावी नोएल द प्लास यांनी त्या खोडीचाच उपयोग करून घेतला. रंग उडतोच, तर तो आधी कागदावर छापावा, कागद कापडावर दाबून सुमारे दोनशे अंश उष्णता द्यावी, म्हणजे उडालेला रंग थेट कापडात शिरेल. पाणी नको, धुणं नको. इतकी वर्षं जो दोष म्हणून हिणवला गेला, तोच गुण ठरला.

इथे मला माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. कागद, सूत आणि लाकूड हे तिघे मुळात एकाच कुळातले, सेल्युलोजचे. हा रंग त्यांना धरत नाही, म्हणून तर तो कागद सोडून जातो. पण मग कोरं लाकूडही त्याला धरणार नाही! छपाईच्या पाट्यांवर पॉलिएस्टरचा गुळगुळीत थर दिलेला असतो, रंग त्यात बसतो. आणि सगळाच रंग काही कागद सोडत नाही. थोडा मागे राहतो, तीच फिकट अक्षरं.

दुहेरी अक्षरांचं कारणही रंगाच्या वायूतच होतं. प्रेस उघडलं तरी गरम कागदातून रंग थोडा वेळ निघतच असतो. त्या क्षणी कागद केसभर सरकला की दुसरी सावली उमटते. लाकडात तर ओल असते, तिची वाफ होऊन ती कागद उचलते. मी टेप एकाच कडेला लावली होती.

आता मी असं करते. पाटी आधी काही सेकंद रिकामीच गरम करून ओल घालवते. मऊ फडक्याने धूळ टिपते. अक्षरं कागदावर उलटी छापली आहेत ना, हे पाहते. छापलेली बाजू थरावर ठेवून, कागद ताणून, उष्णता सहन करणारी टेप समोरासमोरच्या दोन कडांना लावते. टेप मजकुरावर येऊ देत नाही. वर एक कोरा कागद ठेवते. प्रेस उघडल्यावर गरम असतानाच, कागद न घसटता, एका दमात सरळ वर उचलते.

उरलेल्या चौतीस पाट्या नीट झाल्या. पण त्यांवर मंत्र छापला नाही. लिव्हरपूल असो, रूबे असो की आमचं घर, या रीतीत एक कागद मागे उरतोच आणि तो टाकायचाच असतो. जे टाकवत नाही ते त्यावर छापायचंच कशाला? म्हणून नुसतं कमळ आणि "तपाची अनुमोदना" एवढंच छापलं. मंत्र पारण्याला सगळ्यांनी मिळून म्हटला.

त्या सहांपैकी एक पाटी सासूबाईंनी स्वतःच्या खोलीत लावून घेतली. "मला तसंही दुहेरीच दिसतं," म्हणाल्या. बाकीच्या पाच आणि ते सहा कागद धुतलेल्या पंचात बांधून, जीर्ण झालेली जुनी शास्त्रं जिथे ठेवतो त्या कपाटात ठेवले आहेत. तुम्ही पाट्या छापायला द्याल, तेव्हा मजकूर ठरवण्याआधी दुकानदाराला एवढं जरूर विचारा, की वापरलेले कागद तो कुठे टाकतो.