'ओपन द लाइट' म्हणणारे चिनी विद्यार्थी नेमके कुठे चुकतात?

खोलीत अंधार आहे, दिवा लावायचा आहे. इंग्रजी शिकणारा चिनी विद्यार्थी म्हणतो, 'प्लीज ओपन द लाइट.' समोरच्याला कळतं, दिवाही लागतो. पण हेच वाक्य परीक्षेत लिहिलं तर गुण जातो आणि परदेशात बोललं तर ऐकणारा गालातल्या गालात हसतो. चिनी भाषिकांच्या इंग्रजीतल्या ठरलेल्या चुकांमध्ये या वाक्याचा नंबर बराच वरचा आहे.

चीनमध्ये २००१ पासून शाळांना तिसरीपासून इंग्रजी सुरू करायला सांगण्यात आलं. विद्यापीठ प्रवेशासाठीच्या 'काओखाओ' या परीक्षेला २०२४ मध्ये सुमारे १ कोटी ३४ लाख विद्यार्थी होते. त्यात बहुतेक ठिकाणी ७५० पैकी १५० गुण परकीय भाषेचे असतात, आणि बहुतेक जण त्यासाठी इंग्रजीच घेतात. एवढी तयारी करून मुलं अडतात कुठे, तर 'ओपन'सारख्या पहिल्या काही धड्यांत येणाऱ्या शब्दावर.

चिनी 'खाय' म्हणजे काय?

चिनी पाठ्यपुस्तकात 'ओपन'समोर जो अर्थ दिलेला असतो, त्याचा उच्चार साधारण 'खाय' असा होतो. मराठी कानाला जेवणाची आठवण होईल, पण याचा अर्थ आहे उघडणं. सूर उंच आणि सपाट ठेवायचा.

या शब्दाचं जुनं अक्षर बघण्यासारखं आहे. बाहेर दाराच्या दोन फळ्या, मध्ये आडवा अडसर आणि तो काढणारे दोन हात, असं त्याचं चित्र सांगितलं जातं. १९५६ मध्ये चीन सरकारने अक्षरं सोपी करण्याची योजना जाहीर केली. सोप्या रूपात दार गेलं, अडसर आणि हात तेवढे राहिले. तैवान आणि हाँगकाँगमध्ये मात्र अजून दारासकट लिहितात.

दार अक्षरातून गेलं, पण अर्थ त्याच्या कितीतरी आधी दाराबाहेर पडला होता. चिनी माणूस दार 'खाय' करतो, तसाच दिवा, टीव्ही आणि एसीही 'खाय' करतो. गाडी 'खाय' करणं म्हणजे ती चालवणं. बैठक 'खाय' म्हणजे बैठक घेणं. फूल 'खाय' होतं तेव्हा ते उमलतं आणि पाणी 'खाय' होतं तेव्हा त्याला उकळी फुटते. डॉक्टर औषध 'खाय' करतात म्हणजे लिहून देतात. सुरी 'खाय' म्हणजे थेट ऑपरेशन! थट्टा केली जाते, तीही 'खाय'च. आणि 'खाय-शिन', म्हणजे शब्दशः 'उघडं हृदय', याचा अर्थ आनंदी. आपल्याला 'ओपन हार्ट' म्हटलं की बायपास आठवते, त्यांना खुशी.

आता हे सगळं मराठीत आणून बघा. 'उघडणे' आणि 'चालू करणे' हे दोन शब्द एकत्र केले की 'खाय'चा बराचसा मुलूख व्यापला जातो. लाइट चालू कर, गाडी चालू कर, मीटिंग चालू झाली, शाळा चालू झाली. चिनी भाषेने ही दोन कामं एकाच शब्दाला दिली. स्विचला चिनी भाषेत 'खाय-क्वान' म्हणतात, म्हणजे 'उघड-बंद'. ज्या भाषेत बटणाचंच नाव 'उघड-बंद' आहे, तिथला विद्यार्थी दिवा 'ओपन' करणार नाही तर काय करणार?

इंग्रजीला 'ओपन' कधी चालतो?

इंग्रजीत 'ओपन' म्हणायला आधी काहीतरी बंद असावं लागतं: झाकण, पान, पाकीट, पापणी. ते बाजूला झालं की आतलं दिसतं किंवा आत जाता येतं. दिव्याला झाकण नाही, म्हणून त्याला 'टर्न ऑन'. टर्न म्हणजे फिरवणं. पाण्याच्या नळाची किंवा गॅसच्या दिव्याची चावी फिरवायची, ती सवय विजेच्या बटणालाही चिकटली.

म्हणून इंग्रजीत फोन 'ओपन' करायला सांगितला तर तो स्क्रू काढून आतून बघायचा आहे असं वाटू शकतं. ॲप मात्र 'ओपन' होतं, फाइलही होते. लॅपटॉपचं आणखी वेगळं: झाकण उचललं तर 'ओपन', बटण दाबलं तर 'टर्न ऑन'. मूळ इंग्रजी भाषिकालाही यामागचा नियम पटकन सांगता येणार नाही.

गंमत म्हणजे 'ओपन अ कार' ही चूक त्या मानाने कमी ऐकू येते. गाडीसाठी 'ड्राइव्ह' हा सुटसुटीत शब्द लवकर शिकवला जातो आणि तो डोक्यात बसतो. 'टर्न ऑन' हे दोन तुकड्यांचं क्रियापद आहे. असली जोड-क्रियापदं चिनी विद्यार्थी शक्यतो टाळतात, मग घाईत हाताशी असलेला 'ओपन' पुढे येतो.

यात फक्त चिनी लोकांनाच दोष देता येणार नाही. तुर्की भाषेत दिवा 'उघडतात'. कॅनडातल्या क्वेबेकमधले फ्रेंच भाषिक दिवा 'बंद' करताना दाराचंच क्रियापद वापरतात. सिंगापूरच्या बोली इंग्रजीत 'ओपन द लाइट' सर्रास ऐकू येतं आणि तिथे कोणी दचकत नाही. मराठीचं तर विचारूच नका. आपण दिवा 'लावतो' तेव्हा तो सुरू होतो आणि दार 'लावतो' तेव्हा ते बंद होतं! वर पाऊस 'उघडला' म्हणजे तो थांबला. मराठी शिकणाऱ्या चिनी माणसाची काय अवस्था होईल, कल्पना करा.

ही चूक महागात कधी पडते?

घरातला दिवा असेल तर हसून सोडून देता येतं. कारखान्यात तसं नाही. समजा, चिनी तंत्रज्ञ परदेशी सहकाऱ्याला म्हणाला, 'ओपन द मशीन.' त्याला म्हणायचंय मशीन सुरू कर. ऐकणारा पाना घेऊन कव्हर काढायला बसेल. उलट झालं तर जास्त वाईट: एकाने कव्हर काढायला सांगितलं आणि दुसऱ्याने मशीन सुरू केलं.

विजेच्या बाबतीत तर अर्थ पूर्ण उलटा होतो. दहावीच्या विज्ञानातलं 'ओपन सर्किट' आठवा. ओपन म्हणजे तुटलेला मार्ग, प्रवाह बंद. ब्रेकर 'ओपन' आहे याचा अर्थ वीज तोडलेली आहे. म्हणजे शब्दाला शब्द लावायचा तर 'ओपन द लाइट' म्हणजे दिवा घालव! पाण्याच्या व्हॉल्व्हचं पुन्हा उलटं, तो 'ओपन' असेल तर पाणी वाहतं. चिनी इंजिनिअरिंगच्या भाषेत ब्रेकरसाठी 'जोडणं' आणि 'तोडणं' असे वेगळे शब्द आहेत, त्यामुळे प्रशिक्षित माणूस फसत नाही. फसतो तो रोजच्या बोलीतून थेट इंग्रजीत उडी मारणारा.

फलकांवरही 'खाय'ने बरेच घोळ घातले. चीनमध्ये रेल्वे स्टेशन आणि विमानतळांवर उकळलेलं गरम पाणी फुकट मिळतं. चहा आणि इन्स्टंट नूडल्ससाठी तिथे कायम वर्दळ असते. या पाण्याला 'खाय-श्वे' म्हणतात. त्या खोल्यांवर 'ओपन वॉटर रूम' अशा इंग्रजी पाट्या लागल्या, आणि इंग्रजीत ओपन वॉटर म्हणजे समुद्र किंवा तलावाचं मोकळं पाणी, जिथे लोक पोहतात. २००८ च्या ऑलिंपिकआधी बीजिंगमध्ये अशा पाट्या दुरुस्त करण्याची मोहीम झाली. पुढे सार्वजनिक ठिकाणच्या इंग्रजीसाठी राष्ट्रीय मानकं तयार झाली, ती १ डिसेंबर २०१७ पासून लागू आहेत. चिंग्लिश पाट्यांचे फोटो गोळा करणाऱ्या पर्यटकांना मात्र थोडं वाईट वाटलं असणार.

दुकान 'ओपन' की 'ओपन्ड'?

दिव्याची चूक सुटली तरी ही सुटत नाही. 'द शॉप इज ओपन्ड' असं अगदी चांगलं इंग्रजी येणारे चिनी विद्यार्थीही लिहितात. दुकान सुरू आहे असं सांगायचं तर 'द शॉप इज ओपन' एवढंच पुरतं. इथे 'ओपन' हे विशेषण आहे, लाल किंवा मोठा यांसारखं. 'ओपन्ड' ही घडलेली क्रिया: दुकान नऊला उघडलं.

चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही, त्यामुळे 'एड' कुठे लावायचा हे विद्यार्थी पाठ करून ठेवतो आणि मग जिथे नको तिथेही लावतो. त्यात इंग्रजीनेच खोडी काढली आहे. दुकान चालू असेल तर 'ओपन', पण बंद असेल तर 'क्लोज' नाही, 'क्लोज्ड'. नुसतं 'क्लोज' म्हणजे जवळचं. आपल्याकडेही शटरवर 'शॉप क्लोज'ची पाटी दिसतेच की.

माणसाच्या बाबतीत 'ओपन' आला की चिनी भाषा दुसरे शब्द काढते. 'आय ॲम ओपन टू आयडियाज', म्हणजे सूचना ऐकायची तयारी आहे. नोकरीच्या मुलाखतीत हे वाक्य कामाचं आहे, पण नुसत्या 'खाय'ने ते साधत नाही. जिथे सगळ्यांना प्रवेश आहे तिथे 'कुंग-खाय' येतो, म्हणजे सार्वजनिक. यूएस ओपन टेनिस चिनी बातम्यांत याच शब्दाने येते. १९७८ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या आर्थिक सुधारणांच्या धोरणाच्या नावात 'खाय-फांग' आहे, म्हणजे उघडून मोकळं सोडणं. इंग्रजी वर्तमानपत्रं त्याला 'ओपनिंग अप' म्हणतात. हा अनुवाद मात्र चपखल बसला.

अलीबाबाच्या गुहेपाशी

आणखी एका ठिकाणी 'ओपन' आणि 'खाय' छान जुळतात. हांगचौ शहरात इंग्रजी शिकवणाऱ्या जॅक मा यांनी १९९९ मध्ये सहकाऱ्यांसोबत कंपनी काढली आणि नाव ठेवलं अलीबाबा. याच समूहाशी जोडलेल्या कंपनीने २०१५ मध्ये क्रेडिट स्कोअरची सेवा आणली, तिच्या नावात 'तीळ' आहे. संदर्भ अर्थात गुहेच्या मंत्राचा.

इंग्रजीत तो मंत्र 'ओपन सेसमी'. त्यात दाराचा उल्लेखच नाही, 'ओपन' म्हटलं की दार गृहीत धरलेलं. चिनी मुलांना नुसतं 'खाय' पुरत नाही, कारण काय उघडायचं, काय चालू करायचं, हे सांगायला हवं. म्हणून त्यांचा अलीबाबा गुहेसमोर उभा राहून म्हणतो, 'तिळा, दार उघड.' अगदी मराठी गोष्टीतल्या अलीबाबासारखं.