संशयाचीं दोन घरें



आमच्या कळमेश्वराहून नागपूर फार लांब नाहीं, आणि नागपुराच्या पलीकडे पांचगांव आहे. २६ जानेवारी १७७५ रोजीं त्या गांवापाशीं थोरल्या रघूजी भोसल्यांचे दोन पुत्र, मुधोजी व साबाजी, एकमेकांवर सैन्य घेऊन चालून गेले; आणि मुधोजींच्या हातून साबाजी मारले गेले. त्यांचे बंधु जानोजी १७७२ सालीं निवर्तले. त्यांना औरस संतति नव्हती. मुधोजींचा पुत्र रघूजी हा वारस ठरत होता. साबाजींना तें मान्य नव्हतें. समेट झाले व मोडले. भावाचा शब्द भावास खरा वाटेना.

"घरांत संशय शिरला कीं असें होतें," हा उपदेश मीं वर्गांत किती तरी वेळां केला असेल. आतां वाटतें कीं तो अपुरा होता. भोसल्यांच्या संशयास गादीचें कारण होतें. तो राजकारणाचा भाग होता, रोग नव्हे. पण जेथें गादी नाहीं, दौलत नाहीं, तेथेंहि संशय घर मोडतो. त्याचें काय?

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीसाठीं रोज आगगाडीनें नागपुरास जात असे. गाडीस उशीर झाला कीं त्याची पत्नी व्याकुळ होई. "तुम्ही मला टाकून देणार, घरचे सारे मिळून कट करीत आहेत," असें ती म्हणे. दुसऱ्या दिवशीं मन निवळलें कीं तीच पश्चात्तापानें रडे. तो मजकडे आला. मीं म्हटलें, "वाद नको, कांहीं गोष्टी तिला सांगूंच नकोस." त्यानें तसें केलें. लपविलेली एक गोष्ट उघड झाली, आणि तिच्या भयास पुरावाच मिळाला. चूक माझी होती.

पुढें डॉक्टरांनीं त्या दुखण्यास नांव दिलें : सीमावर्ती व्यक्तिमत्त्वाचा विकार. त्या नांवासहि इतिहास आहे. १९३८ सालीं न्यूयॉर्कच्या ॲडॉल्फ स्टर्न यांनीं अशा रुग्णांचें वर्णन केलें. वेड व मनाचीं सौम्य दुखणीं यांच्या सीमेवरचे हे लोक, अशी तेव्हांची कल्पना होती. १९८० सालीं अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत सूचींत या विकारास स्थान मिळालें. १९९४ च्या आवृत्तींत आणखी एक लक्षण नोंदलें गेलें : मनावर ताण आला असतां येणारा व ओसरून जाणारा संशय.

"ओसरून जाणारा" हे शब्द महत्त्वाचे आहेत. कित्येक मनोविकारांत भ्रम महिनोन् महिने ठाण मांडून बसतो. येथें तो बहुधा कांहीं तासांत वा दिवसांत जातो. त्याच्या मुळाशीं बहुधा आपलें माणूस आपणांस सोडून जाईल हें भय असतें. भयांतून आरोप, आरोपानें दुरावा, आणि दुराव्यानें भय खरें ठरतें. हें चक्र घरच्यांच्या लपवाछपवीनें अधिकच फिरतें.

मग करावें काय? आरोप मान्य करूं नये, पण भय मान्य करावें. "तुला भीति वाटली, हें मला कळलें, गाडी अमुक कारणानें थांबली होती," एवढें शांतपणें सांगावें, आणि दिलेला शब्द पाळावा. आत्मघाताची भाषा निघाली तर तिला नाटक न समजतां त्वरित डॉक्टर गांठावा. मार्शा लिनेहन या विदुषीनें या रुग्णांसाठीं घडविलेली उपचारपद्धति १९९३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. भावनेचा लोंढा आवरण्याची तींत रीतसर शिकवणूक असते. योग्य उपचारानें पुष्कळजण सुधारतात.

त्या जोडप्याचा संसार चालूं आहे. उशीर झाला तर तो आतां स्टेशनावरूनच दूरध्वनि करतो. ती अजून घाबरते. पण आतां विचारते आणि उत्तर ऐकून घेते. पांचगांवच्या त्या दोघां भावांत विचारण्याची वाटच उरली नव्हती. ती वाट ज्या घरांत उघडी आहे, तेथें आशेस जागा आहे.