‘कॅन्सर आहे, आयसीयूत नेऊन काय उपयोग?’ हे वाक्य आलं कुठून

रात्री अकरानंतर पत्रकाराला फोन येतो तो बहुतेक दोनच कारणांसाठी. एक अपघात, दुसरं बेड. गेल्या आठवड्यातला फोन बेडसाठी होता. वडिलांना ब्लड कॅन्सर, केमो चालू, अचानक ताप आणि दम लागलेला. एका दवाखान्यात सांगितलं, “कॅन्सर आहे, आयसीयूत नेऊन काय उपयोग? घरी न्या.” पोरगा मला विचारत होता, “दादा, खरंच काही उपयोग नसतो का?”

मी डॉक्टर नाही. पण हे वाक्य एकेकाळी बऱ्यापैकी खरं होतं. आजही ते सरसकट फेकलं जातं, ही खरी अडचण.

आयसीयूचा जन्म पोलिओतला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, श्वास बंद पडून माणसं मरत होती. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हातानं दाबून श्वास द्यायला लावला. मेडिकलची शेकडो पोरं पाळ्या लावून महिनोन्‌महिने पिशव्या दाबत बसली. पुढच्या वर्षी तिथंच गंभीर रुग्णांसाठी वेगळा कक्ष निघाला. कल्पना साधी होती : शरीराला थोडे दिवस आधार द्या, मूळ आजार ओसरला की माणूस उठेल.

कॅन्सर तसा ओसरत नाही. म्हणून मग प्रश्न उभा राहिला. अमेरिकेत सिॲटलला १९८० ते १९९२ या काळात बोन मॅरो ट्रान्सप्लांट होऊन व्हेंटिलेटरवर गेलेल्या ८६५ रुग्णांचा हिशोब निघाला, तेव्हा वाचलेले निघाले शंभरात सहा. असे आकडे बघितल्यावर कुठला डॉक्टर बेड देईल? ते वाक्य त्या काळातलं आहे.

त्यानंतर बरंच बदललं. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं आली. नळी न घालता नुसत्या मास्कनं श्वासाला आधार द्यायची पद्धत आली. २००१ मध्ये फ्रान्सच्या बोर्दोमधला एक अभ्यास आला, प्रतिकारशक्ती कमी झालेल्या ५२ रुग्णांचा. मास्क लवकर लावलेल्या २६ पैकी १३ दगावले, नेहमीचे उपचार मिळालेल्या २६ पैकी २१.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलमधलं काम. तिथल्या एली अझुले आणि सहकाऱ्यांनी नियम केला : अंथरुणाला पूर्ण खिळलेला नसेल आणि कॅन्सरवर इलाज शिल्लक असेल, तर रुग्णाला आत घ्या, हात न आखडता सगळं करा आणि मग पाचव्या दिवशी बसून ठरवा. २००७ मध्ये त्यांनी १८८ रुग्णांचा निकाल मांडला. हे सगळे व्हेंटिलेटरवर होते, शिवाय आणखी किमान एक अवयव निकामी झालेला. घरी परतले पाचातला जेमतेम एक. पण तो एक कोण असणार, हे पहिल्या दिवशी कुठल्याही मोजमापावरून सांगता येत नव्हतं. तिसऱ्या दिवसानंतर मात्र चित्र फुटायला लागायचं. म्हणजे दारातूनच परत पाठवणारा डॉक्टर, कितीही अनुभवी असो, अंदाजच लावत होता.

आणि वाचले तर पुढे काय? २०१३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधल्या १७ केंद्रांचा अभ्यास आला. रक्ताच्या कॅन्सरचे १०११ रुग्ण. हॉस्पिटलमधून जिवंत बाहेर पडले सुमारे ६१ टक्के, वर्षभरानंतर हयात होते ४३ टक्के. तीन महिन्यांनी जे हयात होते त्यांच्यातल्या ८० टक्के लोकांचं जगणं इतर कॅन्सर रुग्णांसारखंच होतं, आणि बहुतेकांचे कॅन्सरचे उपचार ठरल्याप्रमाणे चालू राहिले. हॉस्पिटलात आल्यावर २४ तासांच्या आत आयसीयूत गेलेले जास्त वाचले. उशीर हाच वैरी.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आयसीयूतून सुटलेला माणूस घरी येतो तो तसाच्या तसा नसतो. जिना चढवत नाही, नावं विसरतो, रात्री दचकून उठतो. २०१२ पासून डॉक्टर याला ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ म्हणतात, आणि त्यात घरच्यांची झोप उडणंही धरतात. केमो पुन्हा सुरू करायची तर आधी अंगात ताकद यावी लागते. डिस्चार्ज कार्डवर फिजिओथेरपीची एक ओळसुद्धा नसते, हा माझा अनुभव. आणि जिथं कॅन्सरवर काहीच करण्यासारखं उरलेलं नाही, तिथं शेत विकून मशीनवर ठेवण्यापेक्षा दुखणं कमी करणारे उपचार आणि घर बरं, हेही तितकंच खरं.

आपल्या बार्शीत १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, माणसं गावोगाव जाऊन पेशंटची माहिती घेतात. आयसीयूतून सुटलेल्यांचा वर्षभर असाच माग जिल्ह्याजिल्ह्यात ठेवायला काय हरकत आहे?

त्या पोराला मी एवढंच म्हणालो, “डॉक्टरांना दोन गोष्टी विचार. मूळ आजारावर इलाज बाकी आहे का? आणि चार-पाच दिवस पूर्ण प्रयत्न करून मग ठरवायचं का?” पहाटे त्यांनी दुसरीकडे हलवलं. काल त्याचा मेसेज आला, नळी घालावी लागली नाही, मास्कवर आहेत. पुढची केमो कधी, ते विचारायला तो सोमवारी ओपीडीत जाणार आहे.