रोह्याचे चिंतामणराव आणि वनस्पतिशास्त्राचं बक्षीस

परवा पेणच्या एसटी स्टँडवर एक जुने ओळखीचे भेटले. त्यांच्या मुलीला बी.एस्सी.ला बॉटनी घ्यायचंय. म्हणाले, "भाऊ, झाडंपानं शिकून पोट भरतं का हो?" तेवढ्यात गाडी लागली, उत्तर राहिलं. ते इथे देतो.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर (1943), देशाचे अर्थमंत्री (1950 ते 1956) चिंतामणराव देशमुख आपल्याला ठाऊक आहेत. जन्म 1896 चा, महाडजवळच्या नाते गावचा; बालपण रोह्यात. 1912 ला मॅट्रिकमध्ये मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची शंकरशेट शिष्यवृत्ती. मग केंब्रिजला जाऊन शिकले काय? अर्थशास्त्र? नाही! वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. 1917 ला वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिकही मिळवलं.

बॉटनीमुळे ते गव्हर्नर झाले, असं मी म्हणणार नाही. पण या शिक्षणात एक सवय लागते: आधी नीट बघा, मोजा, नोंद ठेवा, मग बोला. रानातलं प्रत्येक झाड मोजता येत नाही. विद्यार्थी जमिनीवर चौकट टाकतो, तेवढ्यातली झाडं मोजतो आणि अंदाज बांधतो. चिंतामणराव 1945 ते 1964 भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळातच राष्ट्रीय नमुना पाहणीचं काम उभं राहिलं. तिथेही विचार तोच, फक्त रानाच्या जागी देश.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी खाडीत मासे मेले. पाण्याचा तपासणी अहवाल हातात आला, आकडे मर्यादेत होते. मी "पाणी ठीक" अशी बातमी देऊन मोकळा झालो. नंतर झूलॉजी शिकलेल्या एका मुलीने तो कागद वाचला. म्हणाली, "काका, बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन. त्यासाठी नमुना 27 अंशांवर 3 दिवस ठेवतात. पण हा घेतला कधी? भरतीला की ओहोटीला? मासे मेले त्या दिवशी की नंतर?" कागदावर यातलं काहीच नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं. माझ्या पत्रकारितेच्या डिप्लोमात बातमी लिहायला शिकवली, नमुना तपासायला नाही. ती बातमी आजही सलते.

आपल्याकडे खाडी आहे, खारभूमी आहे, धाटावची एमआयडीसी आहे. असे प्रश्न विचारणारी माणसं गावात हवीत की नकोत?

तर दादा, पोराबाळांना नोकरी लागायला वेळ लागतो, ते खरंच. पण तिला बॉटनी घेऊ द्या. उद्या आपल्या नदीचा कागद वाचायला ती लागणार आहे.