तळघराचे उघडे झाकण

अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर, तळघराचे जमिनीतले झाकण उघडे होते. कोका-कोलाचा माणूस माल पोचवायला आला होता. एक गिऱ्हाईक त्या वाटेने निघाले, त्याचा पाय थेट पोकळीत गेला आणि तो जबर जखमी झाला. माणसाने खाली बघून चालावे, त्यात आमचा काय दोष, असा कंपनीचा पवित्रा. हे प्रकरण नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ५ नोव्हेंबर १९६५ रोजी न्यायालयाने सांगितले की माणसे नेहमीच सावध नसतात, हे धोका निर्माण करणाऱ्याने गृहीत धरले पाहिजे. अपघाताची शक्यता किती, झालाच तर इजा केवढी आणि तो टाळायला कष्ट किती पडले असते, हे तोलूनच जबाबदारी ठरते. डच कायद्याच्या विद्यार्थ्याला हा निकाल तोंडपाठ असतो.

जवळजवळ पन्नास वर्षांनी, २४ जून २०१५ रोजी, द हेगच्या जिल्हा न्यायालयाने हीच कसोटी स्वतःच्या सरकारला लावली. इथे धोका तापत्या हवामानाचा होता.

खटला भरणारी संस्था ‘उर्गेंडा’. मार्यान मिनेस्मा आणि यान रोटमान्स यांनी ती स्थापन केली होती. रॉजर कॉक्स या वकिलाने २०११ मध्ये एक पुस्तक लिहून, राजकारणी हलत नसतील तर न्यायालयात जा, असे सांगितले होते. उर्गेंडाने ते मनावर घेतले. २०१२ मध्ये सरकारला पत्र गेले, २०१३ मध्ये सुमारे ९०० नागरिकांना बरोबर घेऊन दावा. मागणी अशी: १९९०च्या तुलनेत देशाचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन २०२० संपेपर्यंत किमान २५ टक्क्यांनी घटवा. सरकारची गाडी त्या वेळी १७ टक्क्यांच्या पुढे जाईलसे दिसत नव्हते.

न्यायालयाने ही मागणी मान्य केली, तेव्हा न्यायाधीशांनी मर्यादा ओलांडून नवाच कायदा रचला, अशी ओरड झाली. ती तितकीशी खरी नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या एका छापखानेवाल्याने प्रतिस्पर्ध्याच्या नोकराला लाच देऊन धंद्याची गुपिते मिळवली होती. त्या भांडणात १९१९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते की लिखित कलम मोडले नाही तरी समाजात वावरताना बाळगायची काळजी न बाळगणे हेही बेकायदेशीरच. पुढे हे तत्त्व डच नागरी संहितेत शिरले. छापखाना आणि कॅफे, एवढ्या घरगुती भांडणांतून पायवाट आधीच पडलेली होती.

सरकारचा सर्वांत बळकट मुद्दा निराळाच होता. जगाच्या उत्सर्जनात नेदरलँड्सचा वाटा अर्धा टक्काच. आम्ही काही केले काय, न केले काय! यालाही जुने उत्तर सापडले. फ्रान्समधल्या पोटॅशच्या खाणी ऱ्हाइन नदीत मीठ सोडत आणि नदीच्या मुखाकडचे डच रोपवाटिकावाले त्या खाऱ्या पाण्याने हैराण होत. नदी इतरही अनेकजण खराब करत होते. तरी १९८८ मध्ये न्यायालयाने खाणींना त्यांच्या वाट्यापुरते जबाबदार धरले. २० डिसेंबर २०१९ रोजी उर्गेंडाच्या बाजूने अंतिम निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या मिठाच्या खटल्याचा दाखला दिला. निकालाला मुख्य आधार मात्र होता युरोपीय मानवी हक्क करारातल्या जीविताच्या आणि कौटुंबिक आयुष्याच्या हक्कांचा. अपील न्यायालयाने २०१८ मध्येच भर त्यावर दिला होता.

निकालाने काय साधले? अ‍ॅमस्टरडॅमचे हेमवेग हे कोळशावरचे वीजकेंद्र ठरल्यापेक्षा लवकर बंद झाले. २०२० अखेर देशाने २५ टक्क्यांची रेघ जेमतेम ओलांडली, तीही टाळेबंदीच्या वर्षात. सरकारने हे श्रेय एकट्याने मिरवू नये.

वाट मात्र इतरांनाही दिसली. सप्टेंबर २०१५ मध्येच लाहोर उच्च न्यायालयाने एका शेतकऱ्याच्या अर्जावर पाकिस्तान सरकारला त्याचेच कागदावर पडून राहिलेले हवामान धोरण अमलात आणायला लावले. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या वृद्ध महिलांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात स्वतःच्या सरकारविरुद्ध बाजी मारली. सगळीकडे जीतच झाली असे नाही. शेल कंपनीने उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटवावे हा द हेगच्याच न्यायालयाचा २०२१ मधला आदेश अपिलात नोव्हेंबर २०२४ मध्ये रद्द झाला: कंपनीवर जबाबदारी आहे, पण नेमका आकडा न्यायालय ठरवू शकत नाही!

भारतात या विषयाला पंख फुटले ते माळढोकामुळे. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यामुळे मराठी माणसाला हा पक्षी परका नाही. खटला मात्र राजस्थान-गुजरातच्या माळांवरचा. १९७२चा वन्यजीव कायदा घडवण्यात मोठा वाटा असलेले एम. के. रणजितसिंह याचिकाकर्ते होते. उंचावरून गेलेल्या वीजतारांवर आपटून माळढोक मरतात, म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या भागात तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. सौर ऊर्जेचे प्रकल्पही नेमके त्याच माळांवर. सरकार पुन्हा न्यायालयात गेले आणि २१ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तो आदेश सैल करून पुढचे काम तज्ज्ञ समितीकडे दिले. त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये आहे, असे पहिल्यांदा स्पष्ट म्हटले गेले. पक्ष्याचे संरक्षण सैल झाले, माणसाच्या वाट्याला हक्क आला. (योगायोग असा, की देश राहण्याजोगा ठेवण्याची जबाबदारी सरकारवर टाकणारे डच राज्यघटनेतले कलमही २१ वेच.)

त्याआधी २०१७ मध्ये उत्तराखंडच्या नऊ वर्षांच्या मुलीने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात केलेला अर्ज २०१९ मध्ये निकाली काढला गेला होता; सध्याच्या कायद्यांत हवामानाचा विचार होतोच, असे न्यायाधिकरणाने मानले. माळढोकाच्या निकालानंतर ते गृहीतक टिकणे अवघड आहे. पण उत्सर्जन किती आणि कधीपर्यंत घटवायचे, याचा एकही आकडा त्या निकालात नाही.